हँड म्हणजे अक्षर

गावाचं नाव संख,
आणि वर्गातल्या एकेचाळीस जणांत
समुद्र पाहिलेला एकही नाही.
म्हणून धडा सुरू व्हायच्या आधीच
हरल्यासारखी उभी होते मी, पान बासष्ट उघडून:
दीपगृहाचा राखणदार जहाजं मोजतो,
वहीत लिहितो, एका थंडीत मरतो.
पुढच्या नोंदी त्याची बायको करते,
त्याच्याच अक्षरात,
कुणाला कळू नये म्हणून.

'शी लर्न्ड हिज हँड.'
महादेवी बिराजदार उठली. घरी कन्नड, शाळेत मराठी,
इंग्रजी तिसऱ्या अंगणातलं.
"तिने त्याचा हात शिकला."
वर्ग खो खो हसला. मीही, थोडी.
हँड म्हणजे इथे अक्षर, फळ्यावर लिहिलं.

मग पेन ड्राइव्हवर सिनेमा आणला.
प्रोजेक्टर ग्रामपंचायतीचा,
पडदा बेदाण्याच्या शेडवरचं कापड,
त्यावर मधूनमधून द्राक्षांचे डाग,
म्हणजे समुद्रात बेटं.
लाट आली तेव्हा पहिली रांग मागे सरकली, खरंच.
पण ते वाक्य आलं नाही.
त्या जागी व्हायोलिन वाजलं
आणि बाई खिडकीशी रडली.
"ती लिहीतच नाही की, मॅडम," मागून अल्लाबक्ष,
"नुसती रडतीया."
महादेवी म्हणाली, "पुस्तकात ती
आमच्या चिगव्वासारखी होती, मावशीसारखी.
आता गोरी झाली. आता परत चिगव्वा होईना."

याचं उत्तर बी.एड.ला नव्हतं.

म्हटलं, तुम्हीच करा मग. मोबाइल माझा,
चार मिनिटं, समुद्राशिवाय.

समुद्राच्या जागी माळ. दीपगृहाच्या जागी पवनचक्की,
जिच्या माथ्यावर रात्री लाल दिवा असतोच.
इराप्पाचे वडील तिथे वॉचमन.
त्याची आई काम करायला तयार झाली,
पदर डोक्यावरून काढणार नाही, एवढीच अट.

दिवस मावळताना गेलो. वारा असा,
की कुणीही काहीही बोललं तरी फोनमध्ये वाराच.
केबिनमधलं रजिस्टर पुढ्यात, कंपनीचं, खरं:
तारीख, वेळ, गाडी नंबर, सही.
मी म्हटलं, अक्का, लिहिल्यासारखं करा.
तिने लिहिल्यासारखं केलं नाही.
लिहिलं.
पेन कुठे अडखळलं नाही. सहीच्या शेवटी
खाली ओढलेली शेपटी, तिच्या पोटात दोन टिंबं.
महादेवीने फोन जवळ नेला.
वाऱ्याने मागची पानं उलटली,
ऑगस्टपासूनची,
त्यांवरही तीच शेपटी, तीच टिंबं,
आणि इराप्पाचा तळवा लेन्सवर आला.

अक्काने रजिस्टर मिटलं, पदर सारखा केला.
म्हणाली, चहा टाकते, साखर कमी हाय.

घरी येऊन ती चार मिनिटं पुसली.
फोन विचारतो, नक्की?
मग पुसलेलं जिथे तीस दिवस पडून राहतं
तिथूनही पुसली.
जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव दिलं होतं,
कळवलं, फोन पाण्यात पडला.
जतच्या माळावर, पाण्यात.
कुणी शंका घेतली नाही.

चाचणीचा पेपर मात्र आधीच छापून आलेला:
पुस्तक आणि चित्रपट यांतला फरक लिहा. गुण चार.
इराप्पाने तीन वाक्यं लिहिली, सोप्या इंग्रजीत:
पुस्तकात माणूस मरतो.
सिनेमात पण मरतो.
आमच्यात तो मिरजेच्या दवाखान्यात आहे,
पुढच्या महिन्यात येतो.

लाल पेन उघडून बसलेय कधीची.
त्या 'येतो'वर भविष्यकाळाची खूण करायची असते,
नियमाने.